ससा, मेंढी आणि आमचं एक गाठोडं

त्या खटल्यातली माणसं आठवतातच, पण डोळ्यांपुढे सगळ्यात आधी उभा राहतो तो एक पांढरा ससा. आमच्या घरात ही गोष्ट निघाली की मुलं हसतात. धाकटा तर म्हणतो, "बाबा, तुमच्या उभ्या नोकरीतला हुशार तपास अधिकारी एकच, आणि तो लसूणघास खायचा." मी हसून घेतो. पण त्या प्रकरणाचा संताप अजून गेलेला नाही. त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नावं कोणाचीच घेत नाही. गेलेल्यांची नाहीत, आणि जे असतील त्यांचीही नाहीत.

सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. वारंगा फाट्याकडून आत गेलं की माझं ठाणं. एक खोली, एक कोठडी, मुद्देमाल ठेवायला एक कुलपाचं कपाट आणि हँडल फिरवून दमल्यावर बोलणारा टेलिफोन. मी फौजदार, मूळचा कोकणातला. दोन वर्षांत ज्वारीची भाकरी पचायला लागली होती, इथली बोली कळायला लागली होती, आणि आपल्याला माणसंही कळतात असा भ्रम झाला होता. पहिल्या दोन गोष्टींनी कोणाचं नुकसान झालं नाही.

एका गुरुवारी जवळच्या गावातल्या एका बऱ्या शेतकऱ्याकडे कंदुरीचं जेवण होतं. कंदुरी म्हणजे दर्ग्याला बोललेला बोकडाचा नवस. इकडे हिंदू घरंही तितक्याच भक्तीने करतात. गावाला जेवण असतं, भावकीतल्या घरोघरी वाटा जातो. आम्हालाही आवतण होतं. मी आणि आमचे जमादार पंगतीला बसलो. मासे खाऊन वाढलेला माणूस मी, पण तो रस्सा दोनदा मागून घेतला. यजमान स्वतः वाढत होता. पांढरी टोपी, गोड बोलणं. "साहेब, लाजू नका, आपलंच घर हाय."

शनिवारी सकाळी तोच यजमान टोपी हातात घेऊन ठाण्यात आला. त्याच्या चुलतभावाचं प्रेत ओढ्यातल्या बाभळींत सापडलं होतं. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव होता. मयत बुधवारी संध्याकाळी शेतात गेला, त्यानंतर कोणी त्याला पाहिलं नव्हतं. घरी फक्त म्हातारी आई. तिला वाटलं, पोरगं बहिणीच्या गावी, साखऱ्याला गेलं असेल. सांगून जायची त्याला सवय नव्हती.

प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा झाला, मग ते डॉक्टरांकडे गेलं. मी ओढ्यातून वर येत होतो तेव्हा मयताच्या चुलतभावाने, म्हणजे कंदुरीच्या त्याच यजमानाने, मला बाजूला घेतलं.

"साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. पण त्या धनगराला बघा. माळावर वाडा घालून बसलाय ना, तो. त्याची मेंढरं आमच्या भावाच्या ज्वारीत घुसली होती. चांगलं कडाक्याचं वाजलं दोघांचं."

वाडा म्हणजे मेंढरांचा तात्पुरता तळ: काट्याचं कुंपण आणि पालाचं घर. आम्ही थेट तिथे गेलो. धनगर पन्नाशीचा, उंच, हाडकुळा. खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीवर वाळलेलं रक्त. ओंजळभर असेल. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमादारांकडे. आम्हा दोघांच्या मते तपास तिथेच संपला.

"हे रक्त कुणाचं?"

"मेंढीचं, साहेब. लांडग्यानं नरडं धरलं व्हतं. सोडवली अन् खांद्यावर टाकून आणली."

"कधी?"

"बुधवारीच की."

झालं. बुधवारच! मी त्याला गाडीत घातला. तो जाता जाता एवढंच म्हणाला, "साहेब, मेंढी बघा ना. हितंच हाय."

मेंढ्या शंभरावर होत्या. त्यांतली एक शोधत बसायला मला वेळ नव्हता. संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवायचा होता.

ठाण्यात दोन तास विचारपूस झाली. विचारपूस हा शब्द कागदावरचा. मी त्याच्या एक कानाखाली ठेवून दिली, हे मी तेव्हा कुठे लिहिलं नाही, आज लिहितो. भांडण झालं होतं हे त्याने कबूल केलं. मेंढरं शिरली, शिव्या झाल्या, मग मयतानेच त्याला तंबाखू दिली आणि मिटलं, असं त्याचं म्हणणं. कुऱ्हाड त्याच्याजवळ होती, मेंढरांना पाला तोडायला प्रत्येक धनगराकडे असतेच. ती जप्त केली. बाकी कशालाही उत्तर एकच: मेंढी बघा.

सोमवारी त्याची बायको आली. ठाण्याच्या दारात मेंढी घेऊन. मेंढीच्या मानेला हळदीने पिवळा झालेला फडका, चालताना ती अडखळत होती. बाईने फडका सोडला.

"हे बघा दात. ही काय कुऱ्हाड हाय व्हय? माणूस बोलला तर खोटं म्हणता, मंग हिला तरी इचारा!"

जमादार म्हणाले, "हिचा जबाब मराठीत घ्यायचा का मेंढीत?"

आणि मी हसलो. ठाण्यातले सगळे हसले. पायरीवर चहा पीत बसलेला मयताचा चुलतभाऊही हसला. बाई आमच्याकडे एकेक करून बघत राहिली. "काहून हसून राहिले तुमी? माझा माणूस फासावर चालला," म्हणाली. हवालदाराने तिला मेंढीसकट फाटकाबाहेर काढलं. मी खुर्चीवरून उठलोही नाही. दारापर्यंत किती पावलं होती, ती मी नंतर मोजली. अकरा.

आता आमच्या गाठोड्याविषयी.

रक्ताचा मुद्देमाल प्रयोगशाळेत पाठवायचा तर प्रत्येक वस्तू वाळवून, वेगळी बांधून, सील करून पाठवावी लागते. नियम होता, आम्हाला पाठही होता. पण ठाण्यात पांढरं मांजरपाट कापड एकच उरलं होतं. डॉक्टरांकडून मयताचा सदरा आला तो, ओढ्याच्या ओलीत पडून राहिल्याने, अजून रक्ताने ओला. जमादारांनी धनगराची घोंगडी घडी करून ठेवली, तिच्यावर सदरा, त्याच्यावर जुन्या पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड, आणि छान चौकोनी गाठोडं शिवलं. लाखेची पाच सीलं, लेबलावर मोत्यासारखं अक्षर. मी सही केली आणि शाबासकी दिली. प्रयोगशाळेत पोचवायला खास माणूस मिळेपर्यंत गाठोडं आठ दिवस कपाटात पडून होतं.

दीड महिन्याने अहवाल आला. घोंगडीवर मानवी रक्त. मला इतका आनंद झाला की जमादारांना पेढे आणायला सांगितलं. मग पुढचं वाचलं. घोंगडीवर मेंढी-बकरी जातीचंही रक्त. कुऱ्हाडीवर रक्त नाही. खाली एक वेगळी चिठ्ठी होती: मुद्देमाल अत्यंत आक्षेपार्ह रीतीने बांधलेला आहे, तपासी अंमलदाराने समक्ष भेटावे.

वरच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मानवी रक्त आलंय ना? मग चार्जशीट टाका. चिठ्ठ्या काय, हे लोक लिहीतच असतात."

"पण साहेब, कुऱ्हाडीवर काहीच नाही."

"धुतली असेल."

धुतली असेल. कुऱ्हाड धुणारा माणूस तीच घोंगडी पांघरून तीन दिवस गावात फिरतो? पेढा तोंडात तसाच राहिला. कोणीतरी सरकारी कागदावर मला आक्षेपार्ह म्हटलं याचाही राग होताच. त्या रागातच रजा टाकून मी एस.टी.त बसलो.

प्रयोगशाळा मोठ्या शहरात होती. रक्तविभागातले रसायनज्ञ किडकिडीत, कोपरावर उसवलेला स्वेटर घातलेले. मी माझा राग काढायच्या आत त्यांनी त्यांचा काढला.

"फौजदारसाहेब, तुमच्या घरी लोणचं आणि धुतलेले कपडे एकाच डब्यात ठेवतात का?"

"मी समजलो नाही."

"मग या, समजावतो."

त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथे पिंजरे होते आणि पिंजऱ्यांत ससे. एक पांढरा ससा माझ्याकडे पाहत घास चावत होता.

"याला माणसाच्या रक्तातलं प्रथिन थोडं थोडं टोचलंय. याच्या अंगाला ते परकं. मग याचं रक्त एक द्रव्य तयार करतं, प्रतिद्रव्य. ते फक्त माणसाचं प्रथिन ओळखतं आणि धरतं. याच्या रक्तातून आम्ही ते काढून घेतो, अँटीसेरम म्हणतात. पलीकडचा तपकिरी मेंढी ओळखतो. बकरीही त्याला मेंढीच वाटते, तेवढी त्याची चूक आम्ही लिहून देतो. तुमच्यासारखी लपवत नाही."

आत त्यांनी बोटाएवढ्या काचेच्या नळीत तळाला ते सेरम घातलं, वरून अलगद मयताच्या सदऱ्यावरचा डाग भिजवलेलं पाणी सोडलं. थोड्या वेळाने दोन्ही पाण्यांच्या सीमेवर एक पांढरं कडं उमटलं. दुधाच्या थेंबाची अंगठी म्हणा.

"ओळखलं," ते म्हणाले.

मग त्यांनी घोंगडी उलगडली. कापून घेतलेल्या जागी चौकोनी भोकं होती. खांद्यावर आणि पाठीवर, घोंगडीतून आरपार मुरलेला मोठा डाग होता तो मेंढीचा. माणसाचं रक्त होतं ते फक्त एका घडीवर, वरच्या वर टेकलेलं. त्यावर सदऱ्याची शिवण छापल्यासारखी उठली होती. बटणाची गोल जागासुद्धा.

"खून करताना उडालेलं रक्त बटणाचा ठसा काढत नाही, साहेब. हे तुमच्या गाठोड्यात लागलं. माझा ससा खोटं बोलत नाही. त्याला विचारलं, माणसाचं आहे का, तो म्हणाला, आहे. ते तिथे कोणी लावलं, ते त्याला कसं कळणार? ते तुमच्या सीलखाली झालंय."

मी टेबलावरचं आमचंच लेबल पुन्हा वाचलं. पाच सीलं, मोत्याचं अक्षर, आणि त्याच्या आत आम्ही एका माणसाचा फास स्वतःच्या हाताने शिवला होता. वरून शाबासकी!

परतल्यावर मी सगळा प्रकार केस डायरीत लिहिला. गाठोडं कसं बांधलं, सही कोणाची. साहेब फोनवर ओरडले. "तुम्हाला वेड लागलंय का? स्वतःच्या हाताने केस मारता? एका मेंढपाळासाठी?" मी म्हटलं, साहेब, मेंढपाळानेच मारलं असतं तर मीच टाकली असती चार्जशीट. ठपका आला तो माझ्या सेवापुस्तकात अजून आहे. खरं सांगायचं तर माझ्या सेवापुस्तकातली ती एकच ओळ मी मुलांना दाखवतो.

मग बुधवार संध्याकाळपासून शनिवार सकाळपर्यंत गावात काय काय झालं, ते पहिल्यापासून विचारायला घेतलं. त्या तीन दिवसांत मोठी गोष्ट एकच होती, कंदुरी. गावचा मुलाणी कंदुरीचं बोकड हलाल करतो. त्याच्याकडे इतके दिवस कोणीही गेलं नव्हतं. आरोपी सापडल्यावर मुलाण्याला कोण विचारतो?

तो म्हातारा त्याच्या ओट्यावर सुरीला धार लावत होता.

"कंदुरी आधीपासून ठरलेली होती का, चाचा?"

"न्हाई साहेब. गुरुवारी भल्या फाटेच निरोप आला, आजच करायची. मी म्हटलं, एवढी तातडी काहून? पण नवस त्याचा, आपण काय बोलावं."

"बोकड कापलं कोणी?"

"माझ्याबिगर कोण कापणार? कापणं, सोलणं, खांडोळी करणं, समदं माझ्या सुरी-सत्तूरानं. कातडं अन् मुंडी माझ्या हक्काची. घरधनी हात लावत न्हाई, रीतच हाय."

"भावकीचे वाटे?"

"तेबी मीच काढले. बराबर घराघराचे." इथे म्हातारा थांबला. सुरीवरचा हातही थांबला. "साहेब, एक गोष्ट मनात सलून राहिली. त्या गेलेल्या पोराच्या घराचा वाटा मी दोघांचा काढला, मायलेकाचा. घरधन्यानं त्यातला अर्धा परत पातेल्यात टाकला. म्हणला, एकीपुरताच राहू दे, म्हातारी एकलीच हाय."

"कोणत्या वारी म्हणाला?"

"कंदुरीलाच की. गुरुवारी."

प्रेत सापडलं शनिवारी.

"आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कोणी?" तो म्हणाला. "तुमी तर पंगतीत व्हता, साहेब."

ज्या पातेल्यात तो अर्धा वाटा परत गेला, त्याच पातेल्यातून मी दोनदा रस्सा घेतला होता. त्या दिवशी घरी जेवलो नाही. बायको म्हणाली, बरं नाही का? मी म्हटलं, पित्त झालंय.

चुलतभावाच्या गोठ्यातली कुऱ्हाड पंचांसमक्ष जप्त केली. स्वच्छ घासलेली होती. या वेळी ती कोऱ्या कागदात, एकटी, माझ्या हाताने बांधली आणि स्वतः घेऊन गेलो. रसायनज्ञांनी गाठोडं उलटंसुलटं करून पाहिलं. "शिकलात," म्हणाले. दांडा पात्याच्या भोकात जिथे घट्ट बसतो तिथली पाचर काढली. आत काळी खपली होती, जवसाच्या दाण्याएवढी. पाण्यात भिजवली. तपकिरी सशाच्या सेरमवर सोडली, काही नाही. पांढऱ्या सशाच्या सेरमवर सोडली. आम्ही दोघं नळीकडे वाकून बघत होतो. कडं उमटलं.

चुलतभावाला ठाण्यात बोलावलं तेव्हा तो नेहमीसारखा पायरीवर बसायला लागला. मी म्हटलं, आत या.

"तुमच्या कुऱ्हाडीत रक्त निघालंय."

"कंदुरीच्या बोकडाचं असंल, साहेब. हाडं फोडली तिनं."

"मुलाणी म्हणतो, घरधनी हात लावत नाही."

"म्हातारा झालाय तो. काय ध्यानात राहतंय त्याच्या."

"ते रक्त बोकडाचं नाही. माणसाचं आहे."

त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग मी सावकाश विचारलं, "गुरुवारी तुम्हाला कसं ठाऊक, म्हातारी एकलीच आहे?"

त्याने पाणी मागितलं. तांब्या रिकामा केला आणि सांगायला लागला. धुऱ्यावर, म्हणजे दोघांच्या शेतांच्या बांधावर, आंब्याचं एक झाड होतं. ते कोणाचं, यावरून दोन पिढ्यांचा वाद. बुधवारी मयत झाड तोडायला निघाला होता. मला नाही तर तुलाही नाही, म्हणाला. याने त्याच्याच हातातून कुऱ्हाड ओढून घेतली आणि डोक्यात घातली. पुढे कुठे रक्त दिसलंच तर बोकडाचं म्हणता यावं, म्हणून रात्रीतून नवस आठवला. मयताची ती कुऱ्हाड फेकून का दिली नाही, विचारलं. म्हणाला, "चांगली व्हती, साहेब."

"आणि धनगर? त्याने तुझं काय बिघडवलं होतं?"

आता तो माझ्याकडे नीट बघून बोलला. आवाजात ना भीती, ना लाज. "त्याच्यामागं कोण हाय, साहेब? बिनगावचा माणूस. आज हितं, उद्या तिथं. अन् मी नुसतं नाव घेतलं. मानलं तर तुमीच ना लगेच?"

मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले. शिव्या देणारे, पाया पडणारे. एवढी खरी गोष्ट तोंडावर मारणारा तो एकच. हात उगारावासा वाटला. पण तो हात मी आधीच एका निर्दोष माणसावर वापरून बसलो होतो. चुलतभावाला पुढे कोर्टात जन्मठेप झाली. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नव्हतीच. सशाच्या कड्याला आणि मुलाण्याच्या जबाबाला होती.

धनगराला, पुरावा नसल्याचा कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल देऊन, सोडवलं. जेलच्या दारात मी गाडी घेऊन उभा होतो. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. चूक झाली, कायद्याचं काम असतं, असं काहीतरी. तो बाहेर आला, उन्हाने डोळे बारीक केले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "घोंगडी?"

घोंगडी मुद्देमाल होती, खटला संपेपर्यंत मिळणार नव्हती. तेही मलाच सांगावं लागलं. त्याने मान हलवली, गाडीत बसला. गाडी फाट्याला वळल्यावर त्याने विचारलं, "मेंढी बघितली का, साहेब?"

पांढऱ्या सशासाठी मी दोनदा दिवसभराचा प्रवास केला होता. त्याला घास भरवला होता.

"नाही," मी म्हटलं.

वाड्याजवळ गाडी थांबली. चारा संपला तरी त्याची बायको हलली नव्हती. मेंढरं निम्म्यावर आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कळपातून एक मेंढी पुढे ओढून आणली. मी गुडघ्यावर बसलो. मानेवरची लोकर नव्याने उगवत होती. बोटांनी बाजूला केली. खाली चार दातांचे चार वण होते, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. मोजायला काही वेळ लागला नाही.